सगळेच दाणे पांढरे

प्रिय लिओबा,

या घराबद्दल तुझी आणि माझी तक्रार पहिल्यापासून एकच आहे, म्हणून हे तुलाच लिहिते आहे. इथे कुणी आपल्याला काय हवं ते तोंडाने सांगत नाही. मठात नवशिक्या सिस्टर होतो तेव्हा आपल्याला शिकवलं, आपली आवड मागे ठेवा आणि दुसरीची पुढे. शिकवण उत्तम आहे, तिच्यासाठी मी कुणाशीही भांडेन. पण दुसरीची आवड पुढे ठेवायची तर ती आधी तिला विचारावी लागते, एवढं साधं वाक्य शिकवणारीने गाळलं आणि त्यापायी आपण सगळ्या जन्मभर कुडकुडत बसलो. खरोखरच कुडकुडत. चॅपलमधली उत्तरेची खिडकी आठव. सबंध हिवाळा ती उघडी असायची आणि प्रार्थनेच्या पुस्तकांवर बर्फ येऊन पडायचा. मला वाटायचं, मेक्टिल्डला दमा आहे, तिला हवा लागते. मेक्टिल्डला वाटायचं, मदरना कोंडल्यासारखं होतं. मदरना वाटायचं, आम्हा धाकट्यांना उकडतं. शेवटी तू एकदा जेवण झाल्यावर सगळ्यांदेखत विचारलंस, "ही खिडकी नक्की कुणासाठी उघडी आहे?" आणि ती कुणासाठीच नव्हती. तू वडिलांकडे गेल्यापासून ती पुन्हा उघडी असते. कुणी उघडली ते विचारू नकोस. कुणीतरी, कुणासाठी तरी.

आता बातमी ऐक. आपण गाई विकल्या. म्हणजे अजून त्या गोठ्यातच आहेत, हे लिहिते आहे तेव्हा ओशकोश माझ्या खिडकीखाली वैरणीसाठी ओरडते आहे. पण सभेत मतदान झालं, आणि जूनअखेरीस, संत योहानाच्या सणानंतरच्या सोमवारी नदीपलीकडचा श्रोडर ट्रेलर घेऊन येणार. सगळ्या गाई, कालवडी, दूध काढायची यंत्रं, आणि आपली दुधाची टाकीसुद्धा.

झालं ते असं. फेब्रुवारीत गाईंचं सगळं बघणारी आपली वालबुर्गा गोठ्याच्या दारात बर्फावरून घसरली आणि उजव्या खांद्यावर पडली. तू असतीस तर एक वेळची धार तू काढली असतीस. तू नव्हतीस, म्हणून कधी मी जायची, कधी स्वयंपाकघरातून क्लोटिल्डा. माझा काही उपयोग नाही हे गाईंनी मला पहिल्याच दिवशी कळवलं. मी जवळ गेले की केनोशा पाय उचलते. वालबुर्गा म्हणाली, "तू तिच्याशी भाषणाच्या आवाजात बोलतेस. ती काय गिरणीतली कामगार आहे, संपावर जायला?" ती हसत होती, पण तोंड पांढरं पडलं होतं. मग एकदा मदरनी तिला डाव्या हाताने सूप पिताना पाहिलं आणि सभा बोलावली.

सभेच्या आदल्या दिवशी मदरनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "अपोलोनिया, या खेपेला तू बोलायचं नाहीस. तू उभी राहिलीस की बाकीच्या आपलं मत विसरतात आणि तुझं घेऊन घरी जातात." तुला माहीत आहे, इथे येण्याआधी मी कागदाच्या गिरण्यांच्या फाटकांवर उभी राहून बोललेली बाई आहे. मला गप्प करायला मालकांनी पोलीस आणले आणि तेही जमलं नाही. मदरना एक वाक्य पुरलं. बसले गप्प.

बोलले असते तर काय बोलले असते ते तुला सांगते, म्हणजे निदान एकीने तरी ऐकलं असं होईल. मी म्हणाले असते, बायांनो, या घरात आपल्याला काय हवं ते सांगणाऱ्या या गाई तेवढ्याच उरल्या आहेत. भूक लागली की त्या हंबरतात, दुखलं की लाथ मारतात, कास भरली की तुमची प्रार्थना कुठवर आली आहे याची त्यांना पर्वा नसते. पहाटेची स्तोत्रं संपवून आपण अंधारात गोठ्याकडे जातो तेव्हा नुकतीच म्हटलेली प्रत्येक ओळ खरी होती की नुसतीच गाऊन झाली, ते तिथे कळतं. त्या गेल्या की आपण एवढ्या जणी एकमेकींच्या मनात काय असेल याचे अंदाज बांधत बसणार, आणि या अंदाजांनी आजवर फक्त खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत. असं म्हणाले असते. म्हटलं नाही.

पेटी फिरली. तुला आठवत असेलच, पांढरा घेवडा म्हणजे होय आणि काळा म्हणजे नको. माझ्या हातात दोन्ही दाणे होते. समोर वालबुर्गा बसली होती, उजवा हात मांडीवर कुणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा. मी पांढरा टाकला. मदरनी पेटी उघडून दाणे ताटलीत ओतले. सगळेच पांढरे. एकसुद्धा काळा नाही. मदर म्हणाल्या, "इतकं एकमत या घरात कधी झालं नव्हतं. देवाचे आभार." आम्ही आभार मानले आणि एकमेकींकडे न बघता बाहेर पडलो.

संध्याकाळी मी गोठ्यात गेले. वालबुर्गा केनोशाची सडं पुसत होती. म्हणाली, "बरं झालं. सुटलात तुम्ही सगळ्या. किती वर्षं माझ्या झग्याच्या वासात स्तोत्रं म्हटलीत." मी म्हटलं, "आम्ही? अगं, तुझ्या खांद्यासाठी केलं." तिने मान वर केली. "माझ्या खांद्याचं काय? तो गाई असल्या तरी दुखणार, नसल्या तरी दुखणार. गाई गेल्या की नुसताच दुखेल." मग पुन्हा पुसायला लागली. मी विचारलं, "मग तू काळा का नाही टाकलास?" "मी काळा टाकला असता तर एकच काळा निघाला असता. तो कुणाचा ते आंधळीलाही कळलं असतं. तुम्ही सगळ्यांनी माझं मन राखायला पुन्हा गोठ्यात राबायचं, ते नको होतं मला."

लिओबा, मी रागारागाने तिथेच बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

मतदान गुप्त असतं आणि त्याबद्दल बाहेर बोलायचं नसतं, हे मला तुझ्याइतकंच पाठ आहे. तरी मी घरभर फिरले. क्लोटिल्डा कणीक मळत होती. म्हणाली, "आता लोणी दुकानातून यायचं, चांदीच्या कागदात गुंडाळलेलं. त्याला लोणी म्हणायचं." मी म्हटलं, मग पांढरा का टाकलास? "तिच्या खांद्यावर बसून मी लोणी खाऊ?" मेक्टिल्ड अंथरुणातून म्हणाली, "मला वाटलं, तुम्हा तरुण मुलींना नको झाल्या असतील." आपल्यातली सगळ्यांत तरुण तू, आणि तुझी पन्नाशी उलटली. एकेकीला विचारत गेले. गाई जाव्यात असं एकीलाही वाटत नव्हतं. एवढ्या शहाण्या, देवभीरू बायका, आणि सगळ्यांनी मिळून कुणालाच नको असलेली गोष्ट एकमताने करून दाखवली. गिरणीचे मालक लबाड होते, पण त्यांना काय हवं ते त्यांना स्वतःला तरी ठाऊक असायचं.

शेवटी मदरकडे गेले. मागच्या अंगणात बटाटे सोलत होत्या. म्हटलं, पुन्हा मतदान घ्या. म्हणाल्या, "पस्तावा झाला म्हणून पुन्हा मत घ्यायचं म्हटलं तर या घरात एक निर्णय टिकायचा नाही. आणि गुप्त मतं तू घरभर उकरत फिरलीस, त्याबद्दल आपण सावकाश बोलू." मी विचारलं, तुमच्या मनात काय होतं? म्हणाल्या, "मी या गोठ्याच्या वासापायी या घरात आले. बाकीची कारणं मागाहून सुचली." मग? "मग काय. वालबुर्गाकडे बघितलं." आणि मग सुरीकडे बघत म्हणाल्या, "एकच वाट असते. जिला मताचा हक्क आहे अशा कुणाला सभेचं बोलावणं गेलं नसेल आणि तिने लेखी हरकत घेतली, तर झालेलं मतदान मोडतं. अशी हरकत अजून तरी माझ्याकडे आलेली नाही." मी म्हटलं, मदर, लिओबा अजून रजेवरच आहे, तिचा मताचा हक्क शाबूत आहे, मग तिला का कळवलं नाही? म्हणाल्या, "बाप गेलाय तिचा. यायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे. आपण ओढलं असं तिला वाटायला नको."

पाहिलंस? इथेही तेच.

आणि फक्त मदरच नाही. मार्चमध्ये तुझ्या वडिलांच्या अंत्यविधीला वालबुर्गा आणि मी मिल्वॉकीला आलो होतो. तू दारात म्हणालीस, "एवढ्या लांबून कशाला आलात, गाईंकडे कोण बघतंय?" निघताना तू विचारलंस, तिकडे सगळं ठीक ना? आणि वालबुर्गा, जिचा हात तेव्हा छातीच्या वर उचलत नव्हता, म्हणाली, "उत्तम चाललंय." मी मान डोलावली. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "उगाच तिच्या जिवाला घोर नको. तिला तिथेच राहावंसं वाटत असेल." मी पुन्हा मान डोलावली. सबंध रस्ता आम्ही स्वतःला फार समजूतदार मानत आलो. तू त्या दारात उभी राहून काय समजलीस ते मला आज कळतंय. तू समजलीस की तुझ्यावाचून आमचं उत्तम चाललंय. वडील गेले, त्यांचं घर आवरून झालं, तरी तू आली नाहीस. तू बोलावण्याची वाट बघत होतीस, आणि तुला मोकळं सोडायचं म्हणून आम्ही एक ओळ पाठवली नाही.

म्हणून मी आज सरळ सांगते. मला तू परत हवी आहेस. वालबुर्गाला गाईंपासून सुटका नको आहे, तुझा हात हवा आहे, आणि ती ते मरेपर्यंत म्हणणार नाही. हे मी तुला ओढते आहे, हे मला कळतं. ओढण्यासाठीच लिहिते आहे. तुला यायचं नसेल तर तसं मला लिही, मी रडेन आणि मान्य करेन. पण यायचं असेल तर एका कागदावर मदरना एक ओळ लिही, मला सभेचं बोलावणं आलं नाही, मतदान पुन्हा घ्या. खाली तुझं या घरातलं नाव घाल, घरच्या सिस्टरचीच हरकत चालते. वालबुर्गाला काय वाटेल, मदरना काय वाटेल, मला काय वाटेल, याचा विचार करू नकोस. तुला हवं असेल तर लिही, आणि आजच्या टपालात टाक.

तुझीच, आणि या खेपेला गप्प न बसलेली,
अपोलोनिया