कुसुमचं नको

१६ ऑक्टोबर १९५६
डॉक्टर देशमुखबाईंची बदली झाली. मुंबई राज्यात, औरंगाबादला. महिनाअखेर जातील. कुसुमचं हृदय सुरुवातीपासून त्यांनीच पाहिलेलं. "हे चौथं बाळंतपण निभेल. पाचवं निभायचं नाही. बाळंत झाली की नळ्या बांधून टाकते," असा शब्द दिला होता. आता राज्यंच वाटली जातायत, शब्दाचं काय.
कुसुम बाळंतपणाला माझ्याकडेच आली आहे. आई गेल्यापासून माझी गौलीगुड्यातली खोली हेच तिचं माहेर.

२३ ऑक्टोबर
त्यांच्या जागेवर मेरीबाई आल्या. चांगल्या डॉक्टर. माझा हात धरून म्हणाल्या, "जान लगा के संभालती मैं उनको. मगर वो ऑपरेशन मेरे से नै होता. मजहब का है." रागावता आलं नाही.
कुसुमच्या नवऱ्याला, माधवरावांना, सांगितलं. मेहुणे वकील. "तो त्यांचा हक्क आहे, अक्का. घटनेचं पंचविसावं कलम, धर्मस्वातंत्र्याचं."
"आणि कुसुमसाठी कितवं?"
चहा ढवळत राहिले.

२५ ऑक्टो.
सुपरिंटेंडंट म्हणाले, दुसऱ्या दवाखान्यातून सर्जन बोलावू. कुसुमचा होकार हवा. तो मेरीबाई विचारतील. माधवरावांनी सही केली. बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं.

२ नोव्हेंबर
काल नवं राज्य झालं. रस्त्यात मिरवणुका, टांगा मिळेना. कुसुम बाळंत झाली. मुलगी. चौथीही. कुसुमचा श्वास कोंडला तेव्हा मेरीबाईंनीच वाचवलं. उशापासून हलल्या नाहीत. हे लिहून ठेवलं पाहिजे.

६ नोव्हेंबर
सर्जन येऊन परत गेले. पेशंट नाही म्हणते, असं त्यांना सांगितलं गेलं.
मेरीबाईंनी सकाळी विचारलं होतं, "ऑपरेशन का क्या बोलते, अम्मा?" कुसुम म्हणाली, "अब नक्को. बस."
मी विचारलं तर म्हणते, "अगं, लेकरं नको म्हटलं मी! अजून किती?"
मेरीबाईंकडे धावले. "मैं ऑपरेशन का पूछी. उनो नक्को बोले." डोळ्यांत पाणी. खोटं बोलत नव्हत्या. पण त्यांना जे ऐकायचं होतं तेच… कोण जाणे. 'नक्को' शब्द आमचाच, मराठी. या शहरात सगळ्यांचा झालेला.

८ नोव्हेंबर
सर्जन पुन्हा येतील, पण नकाराची नोंद झाल्यानं नवऱ्याची सही नव्यानं हवी. माधवरावांच्या आई म्हणाल्या, "देवानंच वदवलं तिच्या तोंडून. एक मुलगा होऊ दे, मग बांधा काय बांधायचं ते." माधवराव म्हणाले, "तीच नको म्हणाली, अक्का. तिच्या मनाविरुद्ध सही कशी करू?"
"ती समोर आहे. विचारा."
विचारलं नाही.

७ डिसेंबर
सही झालीच नाही. रविवारी माधवराव न्यायला येणार. सवा महिना होतो.
कुसुम म्हणाली, "त्या घरात मला वेगळी खोली कुठली? तू सांग त्यांना, नाही पाठवत म्हणून."
"मी कोण सांगणारी? त्यांची बायको तू."
"तुला तरी ऐकू येतं ना, मी काय म्हणते ते?"

९ डिसेंबर, रविवार
रिक्षा उभी आहे. माधवराव बाळाला टोपडं घेऊन आलेत. "चल, तिघी पोरी दारात बसल्यात आईची वाट बघत." कुसुमनं ट्रंक भरलेली नाही. बाळाला पाजते आहे, मान वर करत नाही. ते मलाच विचारतात, "तयारी झाली ना, अक्का?"
पाणी आणते म्हणून आत आले. पेला भरला आहे. बाहेर जाऊन मी 'झाली' म्हणू, की 'नाही पाठवत'?