गुलाबी खडू

दि. ३ मे
जिन्याशेजारची खोली

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. त्यातले निम्मे माझ्या भावाला दे. घुम्या स्वतःहून मागायचा नाही.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर तुझ्या बोटांचे पांढरे ठसे होते, त्यामुळे खडूचा कारखाना जोरात आहे हे आत काय लिहिलंय ते वाचण्याआधीच कळलं.

माझ्याकडची मोठी बातमी म्हणजे मी आता मेल पाठवते. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी शिकवलं. पहिली मेल पाठवली आणि ती गेली का ते बघायला मी चक्क खिडकीबाहेर पाहिलं. नर्सबाई अजून ते सांगून हसतात.

तू म्हणशील, या वयात कशाला ही उठाठेव. अगं, बालवर्गातून निवृत्त झाल्यापासून सकाळ खायला उठायची. कुणाचं नाक पुसायचं नाही, कुणाचं बटण लावायचं नाही. आता माझी जुनी मुलं, त्यांचे आईबाप, सोबतच्या बाई, सगळ्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत. कुठे काही धोक्याचं वाचलं की मी लगेच सगळ्यांना कळवते. परवाच लहान मुलांच्या हातात असणाऱ्या एका वस्तूबद्दल सावध केलं. उत्तरं आली, की बाई, तुमचं अजून आमच्यावर लक्ष आहे. खरं सांगते, त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

तुझं मात्र बरोबर आहे. मेल बिलांसाठी, पत्र माणसांसाठी.

लोभ आहेच, वाढवलास तर माझी ना नाही.
तुझी,
ताई


दि. ११ मे
कारखान्याचा माळा

ती. ताईंस,
सा. न. वि. वि. तुमच्या बंधुराजांचाही नमस्कार, नेहमीसारखा नुसती मान हलवून.

तुमची मेलची हकिकत वाचून मी इतकी हसले, की खाली साचे उकलणाऱ्या दोघी जिन्यात येऊन बघून गेल्या. या आठवड्यातलं माझं तेवढंच हसणं.

ताई, इथे जरा अवघड झालंय. आपले सगळ्यात जास्त रंगीत खडू घेणारी ती मोठी शाळा, तिने सगळी खोकी परत पाठवली. मुख्याध्यापिकाबाई स्वतः फोनवर बोलल्या. त्यांच्या पालकांमध्ये एक मेल फिरते आहे, की गुलाबी खडूच्या रंगात विष असतं आणि तो तोंडात घातल्याने एक मूल दगावलं. मी त्यांना सांगितलं, की आमचा रंग तपासलेला आहे, प्रयोगशाळेचा दाखला हवा तर आत्ता पाठवते. त्या म्हणाल्या, की माझा विश्वास आहे हो, पण शाळा उघडली की फाटकाशी येऊन उभ्या राहणाऱ्या आयांना मी दाखला वाचून दाखवू का. दोनच दिवसांत आणखी दोन शाळांनी नको म्हणून कळवलं.

तुम्हाला ठाऊक आहे, पांढऱ्या खडूवर विजेचं बिल निघतं, घर चालतं ते रंगीतवर. हे असंच राहिलं तर पुढच्या महिन्यापासून त्या दोघींना येऊ नका म्हणावं लागेल. त्यातली थोरली मी या घरात आले त्याच्या आधीपासून इथे आहे. साचा कसा उकलायचा ते मला तिनेच शिकवलं. तिला हे सांगायचं कुणी, यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो आणि जेवायला बसतो.

यांनी गुलाबीचे साचे धुऊन वरच्या फळीवर पालथे घातलेत. बोलत काहीच नाहीत, पण तुमच्या भावाचं न बोलणंही किती प्रकारचं असतं ते आपल्या दोघींनाच कळतं.

तुम्ही इतकी वर्षं लहान मुलांत काढलीत. या आयांना कसं समजवावं, काही सुचलं तर कळवा.

लोभ कमी करू नका, सध्या त्याचीच गरज आहे.
तुमची,
धाकटी


दि. १५ मे
जिन्याशेजारची खोली

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ. पत्र वाचून माझं डोकंच फिरलं.

अगं, ती मेल मलाही आली होती. पण ती बाजारातल्या खडूंबद्दल आहे, आपल्या नाही. कुठल्या तरी कंपन्या काहीबाही रंग घालतात, त्यांच्याबद्दल. आपला खडू घुम्या स्वतः रंग कालवून, स्वतःच्या हाताने ओतून करतो. एवढाही फरक मुख्याध्यापिकेला कळू नये? शिकलेली माणसं अशी मेंढरांसारखी एकामागून एक चालायला लागली तर मुलांना काय शिकवणार?

त्या बाईंचा नंबर पाठव. मी चांगली खरडपट्टी काढते. आणि थोरलीला एवढ्यात काही बोलू नका.

रागात आहे, पण लोभात बदल नाही.
ताई


दि. १९ मे
कारखान्याचा माळा

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मुख्याध्यापिकाबाईंचा नंबर खाली लिहिला आहे. खरडपट्टी काढण्याआधी सोबतचा कागद वाचा. त्यांना आलेली मेल त्यांनी छापून आमच्याकडे पाठवली, ती ही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

हे पाठवू नको असं यांनी मला सांगितलं होतं. यांनी स्वतः तो कागद उभ्याउभ्या वाचला, शेवटच्या ओळीशी थांबले, चार घड्या घातल्या आणि खडू वाळवायच्या गच्चीवर जाऊन बसले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, की ती एकटी असते, तिला कशाला. मी दोन दिवस ऐकलं. पण ताई, उद्या हे तुम्हाला तिसऱ्याच कुणाकडून कळलं असतं, तर घरातल्यांनी लपवलं याचंच तुम्हाला जास्त लागलं असतं. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही पाठवलं असतंत.

मी रागावलेली नाही. पहिल्या दिवशी होते, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या आधीच्या पत्रातले ते दोन जास्तीचे घास आठवले आणि राग टिकेना.

उत्तराची घाई नाही. पण उत्तर द्या.
तुमचीच,
धाकटी


दि. २६ मे
जिन्याशेजारची खोली

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

खेळणं पुन्हा मिळेल, खेळणारा नाही मिळायचा. आमच्या आईचं वाक्य. विहिरीच्या काठावरून आम्हाला ओढून आणताना ती हेच म्हणायची. तिच्याशिवाय कुणाच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही. आलेल्या मेलच्या शेवटी ते मीच लिहिलं. नुसती मेल कोरडी वाटली, म्हणून. वर हेही लिहिलं, की मी बालवर्गाची शिक्षिका आहे, जे सांगते ते अनुभवाने सांगते. आईची ओळ वाटेत कुणीतरी जशीच्या तशी ठेवली, माझं नाव तेवढं गळालं.

तो कागद आल्यापासून मी कितीदा वाचला. वर्गात मुलांना पहिलं पत्र लिहायला शिकवताना मी काय घोकून घ्यायची माहीत आहे ना? वर गाव आणि तारीख, खाली सही. आता बघ. त्या मेलला तारीख नाही. मूल कुठल्या गावचं, पत्ता नाही. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, कोणत्या डॉक्टरांनी ते नाही. फक्त आजच्या आज सगळ्यांना पाठवा, एवढं मात्र दोनदा. माझ्या वर्गातल्या पोराने असं पत्र आणलं असतं तर मी मार्क कापले असते. आणि मी स्वतः ते घरोघर वाटलं.

नर्सबाईंना दाखवलं. त्यांनी थोडं शोधलं, तर हीच मेल काही वर्षांपूर्वी फुग्यांबद्दल फिरत होती. मूल तेच, डॉक्टर तेच, फुग्याच्या जागी खडू. म्हणजे ते मूल दगावलं नाही गं. ते कधी नव्हतंच. आधी मला हायसं वाटलं, मग हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. त्या अख्ख्या कागदात खरं वाक्य एकच, आणि ते आईचं. त्याच्या आधाराने बाकीचं खोटं उभं राहिलं.

मी काय केलं ते सांगते. ज्यांना मेल पाठवली होती त्या सगळ्यांना दुसरी पाठवली. वर गाव आणि तारीख, खाली माझं नाव, पत्ता, फोन. लिहिलं, की आधीचं मी खात्री न करता पाठवलं, ते खोटं आहे, आणि गुलाबी खडू माझा सख्खा भाऊ करतो. पहिल्या मेलला इतकी उत्तरं आली होती, हिला मोजकी. एकीने कळवलं, की असू दे बाई, काळजी घेतलेली बरी. मग मी फोन घेऊन बसले. माणूस फोनवर असलं की त्याला असू दे म्हणता येत नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनाही फोन केला. खरडपट्टी माझीच निघाली, आणि मी ती निघू दिली. पालकांच्या सभेत मला बोलायला उभं करा म्हणून विचारलंय. थोरलीसाठी तेवढा धीर धरा.

घुम्याला काय सांगू? तू काही सांगू नकोस. त्याने ती ओळ वाचली, तेवढं पुरे.

लोभ असावा, असं या वेळी हक्काने लिहवत नाही.
ताई


दि. २० जून
कारखान्याचा माळा

ती. ताईंस,
सा. न. वि. वि. लोभाचं काय ते आधी मिटवते: तो तुमच्या नावावरच आहे, आम्हाला काढून घेता येत नाही.

सभेची हकिकत मुख्याध्यापिकाबाईंनी फोनवर सांगितली. तुम्ही पहाटेची बस पकडून गेलात, आम्हाला न कळवता. उभ्या राहिलात, आणि सुरुवातीलाच सांगितलंत, की तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे ही मेल माझ्यामुळे आली. मग फुग्यांची मेल आणि खडूची मेल शेजारी-शेजारी धरून वाचून दाखवलीत. मागच्या बाकावरचे एक वडील म्हणाले म्हणे, की बाई, खडू खाऊन दाखवा. तुम्ही त्यांना सांगितलंत, की खडू खायची वस्तूच नाही, तो गुलाबी असो की पांढरा, आणि बालवर्गात हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. सगळी सभा हसली. त्या हसण्यानेच काम झालं, असं बाईंचं मत.

सगळं काही पूर्ववत झालेलं नाही. मोठ्या शाळेने निम्मी खोकी मागवलीत. दुसऱ्या दोन शाळांपैकी एक अजून गप्प आहे. मेलही थांबलेली नाही. परवा आपल्या वाण्याला आली, आता तिच्यात गुलाबीचा निळा झाला होता. आईंचं वाक्य खाली तसंच. मी त्याला सांगितलं, की हे माझ्या सासूबाईंचं आहे, वरचं कुणाचं ते विचार. तो ते शोधत बसला आणि पुढे पाठवायचं राहिलं.

थोरली आणि तिची जोडीदारीण दोघी कामावर आहेत. मी साचा चुकीचा उकलते, हे थोरलीने आज पुन्हा सांगितलं.

आणि हो, तुम्ही पाठवलेली ती चौकशी मिळाली, की मोबाइल उशीशी ठेवल्याने केस गळतात का, पुढे पाठवू का. प्रत्येक वेळी मला पोस्टाने विचारून मगच मेल पाठवायची, हा तुमचा बेत मला आवडला. उत्तर पोचेपर्यंत निम्म्या गोष्टी पाठवाव्याशा वाटायच्याच नाहीत.

हे पत्र बंद करत होते, तर तुमचे बंधुराज पेन मागायला आले. लग्नानंतर पहिल्यांदाच. खालची जागा त्यांना सोडते.

लोभाची, आणि तुमच्या येण्याची वाट बघणारी,
धाकटी

ताई,
गुलाबी ओतायला घेतलाय. बघायला ये.
तारीख वर आहे. सही करतोय. बाकी चुकलं असेल तर मार्क काप.
तुझा,
घुम्या