अडचणीचा रकाना

सालेमा कोव्ह, कॅलिफोर्निया
१२ एप्रिल १९९०

देओलिंदाताईस,
अन्सेल्मोचा शि. सा. न. वि. वि.

तुझा आशीर्वाद असू दे. इकडे देवाच्या कृपेने सर्व क्षेम.

घराच्या भिंती झाल्या, छप्परही चढलं. फक्त पाणी नाही. दुष्काळामुळे पाणी मंडळाने आणीबाणी लावली आहे. नव्या घरांना नळाचं मीटर बंद. ज्याची खरी अडचण असेल त्याला सूट मिळते, म्हणून मी अर्ज केला होता. तो परत आला. अर्जदारास कोणतीही अडचण दिसत नाही, असा शेरा आहे.

तोवर आम्ही नवराबायको ट्रेलरमध्येच राहतो, पण ओडेतची चाकांची खुर्ची त्याच्या दारातून जात नाही. मी तिला उचलून आत नेतो. माझी पाठ ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. अर्जाची प्रत सोबत ठेवली आहे. तू दवाखान्याच्या कचेरीत दिवसभर कागदच बघतेस. चूक सापडते का बघ. मुलांना गोड पापा.

तुझा,
अन्सेल्मो

सॅन लिअँड्रो
१७ एप्रिल

चि. अन्सेल्मोस अ. उ. आ.

प्रत वाचून आधी हसले, मग चिडले. तुमची अडचण सविस्तर लिहा, या रकान्यात तू लिहिलंस की आम्ही उभयता देवाच्या कृपेने खुशाल आहोत आणि आपलीही खुशाली इच्छितो. अरे गाढवा, ते पाणी मंडळ आहे, मायदेशी तेर्सेइरा बेटावरची आपली आत्या नव्हे.

दुखणं पत्रात घालू नये हे आईनेच शिकवलं, मला ठाऊक आहे. बाबांच्या ऑपरेशनचं आपल्याला कळलं ते त्यांनी बरं होऊन नवी टोपी मागवली तेव्हा. पण इथे न लिहिलेलं दुखणं कुणाला दिसत नाही. दाराची रुंदी लिही, खुर्चीची लिही. डॉक्टरांचं पत्र जोड. आणि ओडेतला विचारून लिही. दुखणं तिचं आहे, तू नुसता हमाल.

तुझी,
देओलिंदा

सालेमा कोव्ह
१२ मे

प्रिय ताईंस,
ओडेतचा सा. न.

यांनी चार संध्याकाळी पेन धरून एवढंच लिहिलं, की दार लहान आहे. बाकीचं मी लिहिलं.

मंगळवारी पाणी मंडळाची सभा झाली. हे उठले, नाव-पत्ता सांगितला आणि बसले. मग मीच वाचलं. दार चोवीस इंच, खुर्ची सव्वीस. दिवसातून चारदा नवरा मला बटाट्याच्या पोत्यासारखी उचलतो, आणि फेब्रुवारीपासून शर्टाखाली पाठीला पट्टा बांधतो. तुम्हाला हे कळवलं नसणारच. आता सगळ्या गावाला माहीत आहे.

तीन विरुद्ध दोन मतांनी सूट मिळाली. अट अशी, की आम्ही जेवढं पाणी वापरू तेवढं आधी गावात वाचवून दाखवायचं. म्हणजे दोन जुन्या घरांचे संडास बदलून कमी पाण्याचे करून द्यायचे. बाहेर पडेपर्यंत सात जणांनी आपापला संडास देऊ केला. फादर तर रांगेत आपला नंबर पहिला म्हणून अडून बसले.

मीटर जूनमध्ये बसेल. यांनी काल नव्या दाराला लाकडी उतार ठोकला. मी सात वेळा आत गेले, सात वेळा बाहेर आले. काही विसरलं आहे का, असं यांनी शेवटी विचारलं. नाही म्हटलं, आणि पुन्हा आत गेले.

जूनअखेर या. आंघोळ थोडक्यात आटपावी लागेल, लोभात मात्र काटकसर नको.

तुमची,
ओडेत