अजून कोणी न घेतलेलं नाव

नांतग्राइग, २१ जानेवारी १९६३

ति. मोडलेनताईस,
सा. न. वि. वि.

खिंड बर्फाने बंद आहे. पोस्टमन पायी जातो, त्याच्याबरोबर निघालो होतो; पण लहानपणी छातीच्या ज्या दुखण्याने शाळा सोडवली, त्यानेच अर्ध्या वाटेवरून परत आणलं. इस्पितळ तुझ्या घराजवळ, म्हणून विनवतो, रोज जाऊन ये.

माझी लाउरी तिथेच बाळंत झाली, बाळ दिवस भरण्याआधी आलं. पाद्री बाप्तिस्मा उरकू म्हणतात, नाव मागतात. तिला विचारू नकोस. बाळ जातंय हे ती ओळखेल.

आपल्यात थोरल्या मुलीचं नाव अ‍ॅनच ठेवतात. आई तेच धरून बसली आहे. पण घरच्या थडग्यावर तीन अ‍ॅन आहेत, शेवटची मीच पाटीच्या दगडात कोरली. लाउरीने कळांआधीच सांगितलं होतं, मुलगी झाली तर कॅरिस. प्रेमाच्या शब्दावरून कोणीतरी नव्यानेच घडवलेलं नाव. आई म्हणते, शब्दाला शेपूट लावलं की नाव होतं होय? पण ताई, मी इतके दगड कोरले, कॅरिस एकदाही कोरलेलं नाही. आईला दुखवू की लाउरीला फसवू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
गेथिन

बँगोर, २३ जानेवारी

चि. गेथिनला अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि निर्णयही नाही. पाद्री शुक्रवारपर्यंत थांबतील.

पोरगी मुठीएवढी आहे. श्वास घ्यायलाच विसरते. मग नर्स तळपायावर टिचकी मारते आणि 'अगं बाळ' म्हणते. या खोलीत सगळीच बाळं, कोणाला हाक मारली ते तिला कसं कळावं?

आईला माझ्याकडून विचार, तिचं स्वतःचं ब्लॉडवेन हे कोणत्या पूर्वजाचं नाव? तिच्या आजीने या नव्या फॅशनपायी वर्षभर तिला नुसतं 'ती' म्हटलं होतं.

जेवत जा.
तुझी काळजी वाहणारी,
मोडलेन

नांतग्राइग, २४ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप सांगितला. आई टोपी घालून चॅपेलला गेली, मी मागे. आजाऱ्यासाठी प्रार्थना हवी तर घरच्याने उभं राहून नाव सांगायचं, हे तू जाणतेस. आई उभी राहिली. अ‍ॅन म्हणणार असं धरून मी मान खाली घातली.

ती कॅरिस म्हणाली. बहिऱ्या एमरिसकाकांनी कोण म्हणून विचारलं, तेव्हा आणखी मोठ्याने म्हणाली, आमची कॅरिस, गेथिनची. मग खाली बसली, आणि मी तिचा हात धरला.

पाद्रींना तेच सांग. माणसं फावड्यांनी बर्फ काढत खिंडीच्या वळणापर्यंत पोचली आहेत. मेंढ्यांचा चारा नेणाऱ्या घसरगाडीवरून उद्या निघतो. तोवर टिचकी नर्सने मारावी, हाक तू मार. आणि हे पत्र पोचेपर्यंत उशीर झाला असेल, तरी ताई, एकदा हाक मार. तिला कोणी बोलावलंच नाही असं नको व्हायला.

तुझ्याच भरवशावर,
गेथिन