कपडे झटकण्याचा ठेका

रविवार, संध्याकाळ

सोनलचा रॅपचा पहिला अल्बम आज आला. माझी पोरगी एवढं भरभर बोलते, श्वास तरी कधी घेते? ह्या बडबडीले गाणं म्हणतात काय, असं मीच म्हणायची.

पण पहिल्या गाण्यातला तो फटाक-फटाक ठेका ओळखीचा वाटला. विचारलं तर हसली.

"आई, तू कपडे झटकून राहिली होती ना, तेच होय वं!"

कोराडीत दोरीवरच्या कपड्यांवर पॉवर हाऊसची राख बसते, झटकल्याशिवाय घरात आणता येत नाहीत. त्या दिवशी ती मोबाईल धरून जवळ उभी होती. कामाले हात लावत नाही म्हणून मी केवढी ओरडले!

मघाशी पुन्हा दोरीवरचे कपडे काढले. फटाक-फटाक. शेवटच्या चादरीवरची राख केव्हाच झडली होती, तरी झटकतच राहिले.