हिरव्या डबीतली डिस्क

बाबा,

तुमच्या दुकानाची किल्ली मी काकांना दिली नाही. त्यांनी दोनदा मागितली. दुसऱ्यांदा आईच्या देखत मागितली, म्हणजे मला नाही म्हणता येऊ नये. मी नाही म्हटलं. मारेगावच्या मेन रोडवरची खोली आहे, एक मोबाइलवाला ती भाड्याने घ्यायला तयार आहे, आणि काकांनी त्याला अर्धा शब्द देऊनही टाकला होता. "आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल हाय," काका म्हणाले, "तुह्या बापाच्या त्या गेमच्या चकत्या कोण पाह्यते? भंगारवाल्याले दे अन् मोकळी हो. पदवी घेतली ते दुकानात पोरी खेळवाले काय?" मी म्हटलं, हो, त्याच्यासाठीच घेतली असं समजा. तुम्ही असता तर मोठ्यांशी असं बोलू नये म्हणाला असता. पण बाहेर जाऊन हसलाही असता.

काका वाईट नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, आणि नंतर यवतमाळला शिकायला गेले तेव्हा दर सुट्टीनंतर मला सोडायला तेच यायचे. आपल्या घरातली पहिली पदवी माझी. त्यांना वाटतं, त्या पदवीचं काहीतरी मोठं दिसावं. मी परत येऊन सकाळी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि बाजाराच्या दिवशी दुपारी तुमचं दुकान उघडते, हे त्यांना मोठं वाटत नाही. मला वाटतं. एवढं सांगायला हे लिहायला बसले आणि आता एकेक दिवस आठवत चालला आहे.

टीव्ही दुरुस्तीला येणं कमी झालं तेव्हा तुम्ही नागपूरहून ती सेकंडहँड गेमची मशीन आणली होती, आणि कोणीतरी दुरुस्तीला टाकून परत न्यायला न आलेल्या टीव्हीला जोडली होती. त्या कंपनीच्या डिस्क निळ्या डबीत यायच्या म्हणून आपण तिला निळी मशीन म्हणायचो. दुसऱ्या कंपनीच्या डब्या हिरव्या. ती मशीन मारेगावात कोणाकडेच नव्हती. दोन्ही कंपन्या आपापले सगळ्यात चांगले खेळ फक्त स्वतःच्या मशीनवर चालतील असे करायच्या, म्हणजे ज्याला तो खेळ हवा त्याने मशीनही त्यांचीच घ्यावी. हे मी तुम्हाला वाचून सांगितलं होतं, कारण इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं. डबीवरचं वाचायला घरात मीच होते. तुम्ही सोल्डरिंगची सळई खाली ठेवलीत आणि म्हणालात, "ज्याची विहीर त्याचीच बादली. हे आपल्याले नवं नाही, बाई." आणि परत कामाला लागलात.

दुकानातली रांग मला अजून तशीच दिसते. माणसांची नाही, चपलांची. ज्याला खेळायचं त्याने आपली एक चप्पल बाकाखाली रांगेत ठेवायची. एकच. दोन्ही काढल्या की कोणीतरी दुसऱ्याच्या घालून जातो, असं तुमचं म्हणणं. मग एका पायात चप्पल घालून पोरं समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत लंगडत जाऊन यायची. नंबर चपलेचा, माणसाचा नाही. कोणाचा बाप कोण, कोणाची गल्ली कोणती, चपलेवर लिहिलेलं नसतं.

बाजाराच्या दिवशी बायांबरोबर पोरी यायच्या, पिशव्या सांभाळत दारात उभ्या राहून आतला टीव्ही पाहायच्या. तुम्ही कधी आत या म्हणाला नाहीत. एका बाजाराच्या दिवशी तुम्ही सरळ पोरांच्या चपला उचलून बाहेर पायरीवर ठेवल्या आणि जाहीर केलं की आजपासून बाजाराच्या दुपारी फक्त पोरींचा नंबर. पोरं चिडली. त्यांतला एक म्हणाला, "काका, आता बांगड्यायचं दुकान टाकून द्या." तुम्ही टीव्हीची वायर नीट करत होता, मान वर न करता म्हणालात, "टाकतो ना. तुले कोणतं माप लागते ते सांगून जाय."

त्याच दुपारी मला तुमचा ओरडा बसला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक मुलगी माझ्या पुढे होती, तिची प्लॅस्टिकची चप्पल, अंगठ्याचा पट्टा तारेने बांधलेला. मी ती पायाने मागे सरकवली आणि माझी पुढे केली. कोणी पाहिलं नाही असं मला वाटलं. तुम्ही माझी चप्पल उचललीत आणि रांगेच्या अगदी शेवटी नेऊन ठेवलीत. "मालकाच्या पोरीचा नंबर सगळ्यात मागं. हे आज समजलं तं बरं, नाही तं मोठी होऊन लोकायच्या चपला उचलशीन." सगळ्या पोरींसमोर. मी त्या दिवशी खेळले नाही, रडले. आता सांगते, माझं सगळं शिक्षण मी त्या वाक्यावर केलं.

आणि ती डिस्क. दहावीत पहिली आले तेव्हा तुम्ही विचारलं काय पाहिजे, आणि मी त्या खेळाचं नाव सांगितलं ज्यात एक मुलगी धनुष्यबाण घेऊन डोंगरातून एकटी जाते. मी फक्त त्याचं चित्र पाहिलं होतं. तुम्ही दुकान बंद ठेवून नागपूरला गेलात. संध्याकाळी आलात, दुकान उघडलंत, पिशवीतून डबी काढलीत, आणि ती हिरवी होती. दुकानात चार-पाच जण बसलेले. एकाला इतकं हसू आलं की त्याने बाकावर हात आपटला. "काका, घोड्यासाठी बैलाची झूल आणली काय?" दुसरा म्हणाला, काकाले रंग समजत नाही, म्हणून टीव्ही दुरुस्तीचा धंदा बसला. तुम्ही डबी शर्टाला पुसलीत, फळीवर सगळ्यात वर ठेवलीत आणि म्हणालात, "राहू द्या. मशीन बी येईन कधीतरी." ही गोष्ट मी पुढे कॉलेजात खूपदा सांगितली. चांगली सांगायचे मी. सगळे हसायचे.

मशीन यायच्या आधी तुम्ही गेलात. दुकान बंद राहिलं. मी शिकत होते तोवर जग बदललं, बाबा. आता डिस्क घ्यावी लागत नाही. कंपनीला महिन्याची वर्गणी भरायची, की शेकडो खेळ नेटवरून मशीनवर येतात. काही तर मशीनशिवायही चालतात. मला ते वाचून आनंद झाला होता, खरंच. वाटलं, वाचनालयासारखं झालं. मोठ्या शहरातल्या मुलीला जो खेळ मिळतो तोच मारेगावच्या मुलीला, त्याच दिवशी. विहीर सगळ्यांची झाली. मी पगारातून नवी मशीन घेतली, डिस्क टाकायची जागाच नसलेली, वर्गणी भरली, खोली झाडली, बाकाखाली खडूने रेघ मारली आणि बाजाराच्या दुपारी दार उघडलं. पहिल्या दिवशी तीन चपला. दोन महिन्यांत चौदा.

त्यांत तांड्यावरची एक नववीतली मुलगी होती. तिची आई बाजारात वांगी-मिरची घेऊन बसते. ही दुपारी आईला म्हणायची, याडी, मी आलेच, आणि पळत यायची. तिने एकच खेळ धरला होता. बुडालेलं शहर पुन्हा बांधायचं, घर घर करून. आठवड्यातून एकदा, तेही नंबर लागला तर. दोन महिने ती ते शहर बांधत होती. वहीत नकाशा काढून आणायची, पुढच्या वेळी पूल कुठे टाकायचा ते ठरवून. मग एका बाजाराला तिने कंट्रोलर हातात घेतला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "ताई, माहा गेम दिसून नाही राह्यला."

मी शोधलं. कंपनीने तो यादीतून काढला होता. तसं नियमांत लिहिलेलं असतं, खेळ येतात आणि जातात. काही दिवस आधी सूचनाही आली होती, इंग्रजीत, कोपऱ्यात. ती मी पाहिली नाही. घरात वाचणारी मीच होते आणि मी वाचलं नाही. मी तिला सांगितलं की खेळ काढून घेतला आहे. ती म्हणाली, "पण म्या तं काहीच नाही बिघडवलं." तिने रांगेतली चप्पल घातली आणि गेली. पुढचे दोन बाजार आली नाही.

काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "पाह्य, मी म्हणतच होतो." त्यांना वाटलं, आता मी किल्ली देईन. मलाही एक दिवस तसं वाटलं. मग मला तारेने बांधलेली ती चप्पल आठवली. कोणीतरी रांगेतली चप्पल उचलली होती, आणि या वेळी तर ती उचलणारा दुकानातही नव्हता, ज्याला ओरडावं. ठीक आहे, म्हटलं. कंपनीला उचलता येणार नाही असं माझ्याकडे काय आहे?

तुमची फळी होती. मी तुमच्या सगळ्या डिस्क काढल्या, तुम्ही पुसायचा तशा मधून बाहेर सरळ रेघेत पुसल्या. निळी मशीन उघडली, लेन्स साफ केली, पंख्याची तार सुटली होती ती डाग देऊन जोडली. तुमचीच सळई. डाग बसला. आणि नागपूरला जाऊन जुन्या सामानाच्या बाजारातून मी हिरवी मशीन आणली. मग बाजारात त्या मुलीकडे गेले. ती आईशेजारी मिरच्या निवडत होती. मी सांगितलं की एक खेळ आहे, तो कोणी काढून नेऊ शकत नाही, तो आपल्या फळीवर आहे. तिने विचारलं, "पक्कं?" मी म्हटलं, पक्कं. असं वचन देण्याची माझी लायकी आहे की नाही, ठाऊक नाही. डिस्कला चरे पडतात, मशीन मरतात. पण ते आपल्या हातून होईल, आणि आपण दुरुस्त करू.

काका आले ते नेमके त्याच दुपारी, मोबाइलवाल्याला खोली दाखवायला सोबत घेऊन. खोलीत पंधरा-सोळा पोरी. मी उठायच्या आत आई दारात जाऊन उभी राहिली. "भाऊजी, बाहेरच बसा. आज पुरुषायचा नंबर नसते."

"वहिनी, तुम्ही बी?"

"माहा पाचवा नंबर हाय. मले बोलाले वेळ नाही."

काकांनी वाकून पाहिलं. बाकाखाली रांगेत पाचवी चप्पल खरंच आईची होती. "तुम्हाले खेळता येते?"

"नाही येत. तुम्हाले तरी कुठं दुकान चालवता येते?"

मोबाइलवाला हसला आणि तिथेच ते भाड्याचं प्रकरण संपलं. काका पायरीवर बराच वेळ बसून होते. आईने त्यांना तिथे चहा नेऊन दिला. त्यांनी अजून माझ्याशी नीट बोलणं सुरू केलेलं नाही, पण किल्लीही मागितलेली नाही. आणि मागितली तरी मिळणार नाही. वर्गणी मी बंद केली नाही, तेही सांगते. त्यात चांगले खेळ आहेत आणि पोरींनी ते खेळावेत. फक्त शहर बांधायचं असेल तर ते फळीवरच्या खेळात बांधायचं, असं मी खडूने भिंतीवर लिहिलं आहे.

तुमची हिरव्या डबीतली डिस्क पहिल्यांदा त्या मुलीने लावली. नेट लागलं नाही, कोणाची परवानगी लागली नाही. ती धनुष्यवाली मुलगी डोंगरावर उभी राहिली आणि खोलीतल्या सगळ्या पोरी टीव्हीकडे सरकल्या. माझी चप्पल सगळ्यात मागे होती, म्हणून माझा नंबर त्या दिवशी आलाच नाही. मग तिने विचारलं, "ताई, ही इतके दिवस कायले ठेवून होती?" आणि मी नेहमीची गोष्ट सांगितली. माझ्या बाबांना निळं-हिरवं समजलं नाही, ते नागपूरहून चुकीची डिस्क घेऊन आले. पोरी हसल्या. आईही हसली.

बाबा, तुम्ही त्या दिवशी नागपूरच्या दुकानातून फोन केला होता. "बाई, इथं तुहा गेम हिरव्या डबीतच हाय. आपल्या निळ्या मशीनवर चालन काय?" मला माहीत नव्हतं. पण घरात वाचणारी मी होते, मला माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली. मी म्हटलं, हिरवीही चालते. ठासून म्हटलं. संध्याकाळी ते सगळे तुम्हाला हसत होते तेव्हा मी तिथेच स्टुलावर बसले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही, मी सापडू नये म्हणून.

पुढच्या बाजाराला पोरींना खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. तो बाजार काल झाला. मी सांगितलं नाही.