हिंगणासारखं काहीतरी

औरंगाबाद, २ जानेवारी १९८४
आलो एकदाचा! कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी आणि पुंडलिकनगरात स्वतःचं घर. पोलीस ॲक्शननंतर आजोबांनी, म्हणजे तात्यासाहेबांनी, इथला माळ घेतला होता. वाटण्या होता होता माझ्या वाट्याला दोन खोल्या नि अंगण आलं. अंगणात एक काटेरी झाड आहे. त्याचं नाव मला सांगता येईना, हसूच आलं स्वतःचं. पंधराला रविवार, त्या दिवशी द्वारका बाळाला घेऊन येईल. त्याची पहिली संक्रांत. बोरन्हाण याच अंगणात.

४ जानेवारी
गुलमंडीतून भिंग आणलं. पानं जोडीजोडीनं, काटा पानाच्या बेचक्यातून निघालेला, फळ खारकेएवढं, आत एकच बी. झालं, हिंगण! पण हिंगणाचा काटा सरळ असतो. इथले सगळे वाकडे, आणि सगळे घराकडे वळलेले. गरही लाल. चव नोंदवायची म्हणून चाटून पाहिला आणि अख्खं फळ खाऊन बसलो. गोड, मागून कडू. वर्गात पोरांना याच गोष्टीवरून मी दटावतो.

७ जानेवारी
सखूबाई नावाची एक म्हातारी धनगरीण रोज या झाडाला पाणी घालायला येते. तिनं माझ्या आजोबांचं नाव विचारलं. मी ऐटीत सांगितलं. मग मूलबाळ विचारलं. बोरन्हाणाचं ऐकून म्हणाली, फळं मीच आणीन. भली बाई वाटली मला.
घशात काहीतरी टोचतंय.

१० जानेवारी
शहागंजातल्या डॉक्टरांना घशात काही दिसलं नाही. घरी आलो तर उजव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात हिरवं टोक. चिमट्यानं ओढलं. दोन इंच काटा, वाकडा.
सखूबाई दारातून बघत होती. झाड कुठलं, असं मी पहिल्यांदाच तिला विचारलं.
"हिंगणच हाय," ती म्हणाली. "माजा बिरू हितं मेंढरं बसवायचा. माळ सोडंना म्हून तुज्या आज्यानं त्याला हितंच पुरला. घोंगडं धुवाया हिंगणाची फळं व्हती त्याच्या पिशवीत, तीच उगवली. पस्तीस वर्सं पाणी घातलं म्या."
एकुलता एक होता का, एवढंच मी विचारलं.
"व्हय. तुजा हाय तसाच."

१३ जानेवारी
आवाज गेला. तळपायांतून काटे— चालवत नाही. डाव्या हातानं द्वारकेला पत्र लिहिलं: येऊ नकोस. खिडकीतून रस्त्यावर टाकलं, कुणीतरी पोस्टात टाकेल म्हणून. सखूबाईनं उचललं. वाचता येत नाही तिला. तरी हसली.
बाहेरून कडी लावली तिनं.

१५ जानेवारी, सकाळ
रिक्षा थांबली. द्वारकेचा आवाज. सखूबाई तिला सांगतेय, साहेब कॉलेजात गेलेत, दुपारी येतील, तवर उरकून घ्या—
दार ठोकायला उठवत नाही, डाव्या हाताची बोटं तेवढी हलतात. पाठीतले, उजव्या हातातले काटे भिंतीत रुतलेत.

बाळाला पाटावर बसवलंय. झाडाखाली. खिडकीतून दिसतंय सगळं. द्वारके, वर बघ. एकदा इकडे—

सूपभर फळं. लाल गर फुटलाय. सखूबाई त्याच्या डोक्यावरून ओततेय. बाळ हसतंय—

एक त्यानं उचललं. द्वारके, त्याच्या हातातून— तोंडाशी नेलं, द्वारके, ते—